एक दिवस चिखलदऱ्याचा

विदर्भात ऊन फार आणि डोंगर थोडे. त्यामुळे अमरावती-अकोल्याकडील माणसाला थंड हवेचे ठिकाण म्हटले की चिखलदऱ्याचेच नाव आठवते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर हे लहानसे गाव वसले आहे. अमरावतीहून परतवाड्यामार्गे ते सुमारे ८५ किलोमीटर पडते. गावाच्या उत्तरेस मेळघाटचे दाट अरण्य आहे आणि दक्षिणेस वऱ्हाडचे काळ्या मातीचे, कापूस पिकविणारे मैदान. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी त्या नावाची उकल सांगतात. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांनी हे डोंगर झाकलेले आहेत. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटची निवड झाली होती, ती याच वनसंपत्तीमुळे.

चिखलदऱ्यात पाहावयाचे म्हणजे तेथील ‘पॉइंट’. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, मोझरी, हरिकेन, प्रॉस्पेक्ट अशी त्यांची नावे आहेत. इंग्रजांच्या अमदानीतील शब्द तसाच राहिला असून आता खेड्यातील बैलगाडीवालाही ‘पॉइंट’च म्हणतो. पहाटे निघून एका दिवसात हे सारे पाहून परतता येते. दुकानाची सुट्टी आठवड्यातून एकच दिवस मिळणाऱ्या व्यापारी घरांना त्यामुळे ही सहल सोयीची वाटते. भाद्रपदाच्या सुरुवातीस, सागाला पांढुरक्या फुलांचे तुरे आलेले असताना, अमरावतीचे एक कापड-व्यापारी कुटुंब असेच एका दिवसासाठी चिखलदऱ्यास निघाले. या सहलीला मात्र हवापालटाहून वेगळे एक कारण होते.

जुन्या बाजारातील त्या दुकानाला पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. वडिलांनी खांद्यावर गाठोडे घेऊन खेडोपाडी बाजार करीत ते उभे केले. लुगडी, धोतरे, पंचे, मांजरपाट असा तेव्हाचा माल. पुढे दोन्ही मुलगे गादीवर बसू लागले. थोरल्यांचा हात हिशेबावर आणि जुन्या गिऱ्हाइकांवर. धाकट्यांची नजर नव्या मालावर. वडील होते तोवर हे दोन गुण एकमेकांना पूरक ठरले. ते गेल्यावर तीन वर्षांत तेच दोन गुण दोन बाजू झाले. धाकट्यांना शहराबाहेरच्या नव्या कापड-बाजारात गाळा घ्यावयाचा होता आणि त्यासाठी बँकेचे कर्ज उचलावयाचे होते. थोरल्यांना कर्जाची भीती होती. जुनी पेढी सोडून गिऱ्हाईक शहराबाहेर येईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. दोघांचेही म्हणणे अव्यवहारी नव्हते, आणि अशा तंट्यात तीच खरी अडचण असते. एकाची चूक उघड असती तर चार शहाण्या माणसांनी ती दाखवून दिली असती.

वाटणीचा कच्चा मसुदा तयार झाला होता. गोदाम, घर, ठेवी, शिल्लक माल यांचे आकडे जुळले होते. अडले होते दोन गोष्टींवर. पहिली, पेढीचे नाव. सुरत, भिवंडी, इचलकरंजीचे व्यापारी त्या नावावर माल पाठवीत. ते ज्याच्याकडे राहील त्याची पत राहणार आणि दुसऱ्याला शून्यापासून आरंभ करावा लागणार. दुसरी गोष्ट, खेड्यांतील जुनी उधारी. ती वसूल होईल तशी वाटून घ्यावी असे एकाचे म्हणणे, तर आजच अर्धी धरून हिशेब संपवावा असे दुसऱ्याचे. या दोन कलमांवरून दोघे भाऊ सहा महिने एकमेकांशी कामापुरतेच बोलत होते. दुकानात चहा एकाच किटलीतून येई; पण कप घेऊन एक गादीवर बसे आणि दुसरा पायरीवर जाई.

आई हे सारे पाहत होत्या. त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही आणि उपदेशही केला नाही. एका रात्री त्या एवढेच म्हणाल्या, ‘तुमचे बाबा दर पावसाळ्यात एकदा चिखलदऱ्याला न्यायचे. ते गेल्यापासून आपण गेलो नाही. मला एकदा जायचं आहे. सगळ्यांनी यायचं, आणि एकाच गाडीतून.’ दोन गाड्या असताना एक भाड्याची मोठी गाडी सांगण्यात आली. त्यात नऊ माणसे दाटीवाटीने बसली. आईंनी अट घातली होती, की गाडीत दुकानाचा विषय निघता कामा नये.

पहाटे साडेपाचला गाडी निघाली. परतवाडा हे सातपुड्याच्या पायथ्याचे, लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. मेळघाटचा साग वर्षानुवर्षे येथल्या बाजारात उतरला. तेथून धामणगाव गढीपर्यंत रस्ता सपाट आहे आणि मग चढण सुरू होते. संत्र्यांच्या बागा मागे पडतात, एका वळणानंतर कापसाची शेते पायाखाली जातात आणि सागाची मोठी पाने खिडकीशी येतात. पाऊस पडून गेला होता. प्रत्येक वळणावर कड्यावरून पाण्याची बारीक धार उतरत होती. मुलांनी धबधबे मोजण्यास आरंभ केला आणि तेवीसनंतर गणतीवरून भांडण करून ते सोडून दिले. मोठी माणसे मात्र गप्प होती. दुकानाचा विषय वर्ज्य केल्यावर दोघा भावांजवळ बोलण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. सहा महिन्यांत किती थोडे शिल्लक राहिले आहे, हे त्या शांततेत दोघांच्याही ध्यानी आले असावे.

पहिला मुक्काम भीमकुंडाचा. चिखलदऱ्याच्या नावाची कथा महाभारताशी जोडलेली आहे. अज्ञातवासात पांडव विराट राजाकडे असताना भीमाने कीचकाचा वध केला, त्याला येथल्या दरीत फेकून दिले आणि या कुंडात हात धुतले, अशी लोककथा आहे. कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले असे म्हणतात. जवळच वैराट नावाचे उंच ठिकाण असून लोक त्याचाही संबंध विराटनगरीशी लावतात. कथा खरी की कल्पित हा प्रश्न दरीच्या कडेला उभे राहिल्यावर सुचत नाही. तेथील खोली पाहून माणूस आधी कठडा धरतो.

त्या सकाळी मात्र दरी दिसतच नव्हती. पांढरे धुके काठोकाठ भरले होते. धबधब्याचा आवाज छातीवर आदळत होता. पाणी कोठे आहे, ते कळत नव्हते. धाकटे पाच मिनिटांत कंटाळले. ‘पुढे चला. इथे थांबून काय दिसणार?’ थोरले म्हणाले, ‘थांबा जरा. उतरेल धुकं.’ दोघांच्याही बोलण्यात त्यांच्या व्यापाराची रीत आली होती, आणि ते ऐकून दोन्ही सुनांनी एकमेकींकडे पाहिले. शेवटी आई तेथल्या दगडी ओट्यावर बसल्या आणि प्रश्न मिटला. वीस मिनिटांनी वारा फिरला. धुक्याला एका बाजूने भेग पडली. आधी समोरचा काळा कडा, मग त्यावरून कोसळणारे पाणी आणि शेवटी फार खाली हिरव्या झाडांचे शेंडे दिसले. मुले ओरडली. दोन-तीन मिनिटांतच पडदा पुन्हा मिटला. ‘बरं झालं थांबलो,’ धाकटे म्हणाले. थोरल्यांनी त्यावर काही म्हटले नाही. म्हणण्यासारखे होते, तरी त्यांनी ते टाळले.

देवी पॉइंटला खडकाच्या पोटात देवीचे स्थान आहे. माथ्यावरील खडकातून बाराही महिने पाणी झिरपते; पावसाळ्यात तर दर्शनाला जाणारा भिजल्याशिवाय परतत नाही. चंद्रभागा नदी याच परिसरात उगम पावते. तेथून गाविलगडाचा तट दिसतो. हा किल्ला चिखलदऱ्यापासून अगदी जवळ असून त्याचे नाव या डोंगरांत गुरे राखणाऱ्या गवळ्यांवरून पडले, असे सांगतात. आजही येथील गवळी घरांतला खवा आणि रबडी घेतल्याखेरीज प्रवासी परतत नाहीत. पुढे बहामनी सुलतान, वऱ्हाडची इमादशाही, मोगल आणि नागपूरकर भोसले अशा अनेकांच्या हाती हा गड होता.

थोरल्यांना इतिहासाची आवड होती. दिल्ली दरवाजासमोर उभे राहून त्यांनी मुलांना १८०३ सालची हकीकत सांगितली. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि ज्याने १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला, तो अडगावची लढाई जिंकून या गडावर चालून आला. मैदानाच्या बाजूने गड अजिंक्य होता. सरळ कडेच ते. मुलांनी विचारले, ‘मग तो पडला कसा, मोठे बाबा?’ थोरले सांगू लागले, तोच धाकटे पुढे झाले. ‘मी सांगतो. बाबांनी आम्हाला इथेच उभं करून सांगितलं होतं.’ त्यांनी हाताने उत्तर दिशा दाखविली. गडाची तीन अंगे दरीत सुटलेली. चौथे, उत्तरेचे अंग पठाराला जोडलेले. इंग्रजांच्या एका तुकडीने डोंगरांतून मोठा वळसा घेऊन, तोफा ओढून त्या बाजूला आणल्या. तटाला तेथून भगदाड पाडले. आतला किल्ला वेगळा होता. त्याच्या भिंतीला शिड्या लावून शिपाई आत उतरले. १५ डिसेंबर १८०३ रोजी गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

‘म्हणजे बाहेरून नाही, जोडलेल्या बाजूनेच पडला,’ थोरल्यांची मुलगी म्हणाली. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि नकाशा मनात मांडूनच बोलत होती. तिच्या त्या वाक्यावर कोणी काही बोलले नाही. धाकटे आपल्या भावाकडे पाहून म्हणाले, ‘बाबा तोफांचा आवाज काढून दाखवायचे, आठवतं दादा?’ थोरले हसले. ‘आणि तू रडायचास.’ त्या दिवशी दोघा भावांत झालेले हे पहिले बोलणे.

दुपारचे जेवण शक्कर तलावाकाठी झाले. पहाटे तीनला उठून दोन्ही सुनांनी केलेल्या दशम्या, मुगाची सुकी भाजी, लिंबाचे लोणचे आणि बेसनाचे लाडू. घरचे गाळलेले पाणी पितळी कळशीतून आणलेले होते. जेवणानंतर आईंनी रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका कोरकू बाईकडून भाजलेली मक्याची कणसे घेतली. मेळघाटात कोरकूंची मोठी वस्ती आहे. त्यांची भाषा मराठीशी वा हिंदीशी नाते सांगत नाही. झारखंडकडील मुंडा आणि संथाळी यांच्या कुळातली ती भाषा आहे. त्या बाईने मात्र हिशेब चोख मराठीत केला आणि आईंनी दिलेल्या जास्तीच्या दहा रुपयांना स्पष्ट नकार देऊन एक कणीस आणखी दिले. ‘दुकानदार आहे,’ आई कौतुकाने म्हणाल्या.

गावातून परतताना एक घटना घडली, जी कोणी योजलेली नव्हती. बाजारातील एका लहानशा कापडदुकानाच्या पायरीवरून एका वृद्ध दुकानदाराने गाडीतील आईंना ओळखले आणि हात करून गाडी थांबविली. ते पेढीचे फार जुने गिऱ्हाईक. पंचे, लुगडी, मुलांचे तयार कपडे असा माल ते अमरावतीहून नेत आणि आसपासच्या पाड्यांतून विकीत. आग्रहाने त्यांनी सर्वांना आत बसविले. चहा सांगितला. मग गल्ल्यातून एक कापडी पिशवी काढून पैसे मोजले आणि थोरल्यांच्या पुढे ठेवले. जुन्या बाकीतला तो एक हिस्सा होता.

‘हे कशाला आत्ता? आम्ही फिरायला आलो आहोत,’ थोरले संकोचून म्हणाले.

‘असू द्या. शेठजींनी मला ७२च्या दुष्काळात माल दिला होता. पावती नव्हती घेतली. मी म्हटलं, लिहून देतो. ते म्हणाले, लिहायचं काय त्यात, तू आहेस ना इथेच.’ एवढे बोलून ते वृद्ध गृहस्थ थांबले आणि आवाज उतरवून त्यांनी विचारले, ‘ऐकलं ते खरं का? वेगळे होताय म्हणतात. नाही, घरचा प्रश्न आहे, मी बोलू नये. फक्त एवढं सांगा, पुढची बाकी मी कोणाला द्यायची? म्हणजे चूक व्हायला नको.’

दुकानाचा विषय गाडीत काढायचा नाही, अशी आईंची अट होती. हे दुकान गाडीबाहेर होते. दोघे भाऊ खाली पाहत राहिले. सहा महिने ज्या कलमावर वकिली शब्दांचा कीस पडला होता, ते ‘जुनी उधारी’ नावाचे कलम समोर चहाचा कप घेऊन बसले होते. त्याला एक वय होते, चष्मा होता, थरथरणारे हात होते. आजच अर्धे धरून संपवून टाकावे, असा तो आकडा नव्हता. आणि वसूल होईल तसे तोडून वाटावे, असाही नव्हता. दोन्ही भावांनी नमस्कार करून निरोप घेतला. पैसे थोरल्यांनी घेतले; पण बाहेर आल्यावर ते त्यांनी आईंच्या हाती दिले.

पंचबोल पॉइंटकडे जाणारी वाट कॉफीच्या मळ्यांतून जाते. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंग्रजांनी येथे तिची लागवड केली आणि ती अजून तग धरून आहे. उंच झाडांच्या सावलीत कमरेएवढी झुडपे, त्यांवर दाटीने लागलेली हिरवी फळे. पुढे कडा संपतो आणि समोर एकामागे एक डोंगर उभे राहतात. येथून हाक मारली की ती पाच वेळा परत येते, म्हणून हा पंचबोल. त्या दिवशी तीन प्रतिध्वनी तेवढे स्पष्ट ऐकू आले. मुलांनी एकमेकांची नावे घेऊन दरी दुमदुमवून टाकली.

ओरडून दमल्यावर धाकट्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आजीजवळ येऊन बसला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात त्याने विचारले, ‘आजी, आपण वेगळे झालो की इथे दोन गाड्यांतून यायचं का?’ त्याच्या आईने त्याला दटावले. आजीने तिला थांबविले. ‘विचारू दे. त्याचंही घर आहे.’ मग त्या नातवाला म्हणाल्या, ‘मला नाही ठाऊक, बाळा. ते तुझ्या बाबांना आणि मोठ्या बाबांना विचार. मी म्हातारी. मला कोणीतरी गाडीत बसवायचं, एवढंच मला ठाऊक.’

मुलाने दोघांकडे पाहिले. उत्तर कोणीच दिले नाही. पण तेथून हरिकेन पॉइंटकडे जाताना दोघे भाऊ गाडीत बसले नाहीत. ‘आम्ही चालत येतो,’ असे सांगून ते पायी निघाले.

तेथे वाटेवर एक वनकर्मचारी भेटला. पावसाने पडलेले एक झाड बाजूला करण्याच्या खटपटीत तो होता. दोघांनी हात लावला. झाड सरल्यावर तो बोलू लागला. रात्री अस्वल या रस्त्याने जाते, कोठे पाऊल उमटले आहे, ते त्याने दाखविले. ज्या वनपिंगळ्याला १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणी पाहिलेच नव्हते, जो नामशेष झाला असे समजले जात होते, तो १९९७ मध्ये शहाद्याकडच्या डोंगरांत सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला, हे त्याने अभिमानाने सांगितले. मग दोन्ही दिशांना हात करून तो म्हणाला, ‘तुम्ही उभे आहात ना, ही गाविलगडची धार. इकडे पडलेला पाऊस उत्तरेला जातो. खापरा, सिपना, गडगा या नद्यांतून तापीत. तिकडे पडलेला दक्षिणेला वऱ्हाडात उतरतो. चंद्रभागा, शहानूर आणि मग पूर्णा. एका ढगाचं पाणी, वाटा दोन.’

‘आणि पूर्णा कुठे जाते?’ थोरल्यांनी विचारले. उत्तर धाकट्यांनी दिले. जळगाव जिल्ह्यातील व्यापाऱ्यांकडे त्यांचे जाणे-येणे होते. ‘चांगदेवला तापीत मिळते, दादा. संगमावर देऊळ आहे. मी पाहिलं आहे. पुढे सुरतेपर्यंत एकच नदी.’

त्यानंतर दोघे बराच वेळ कड्याजवळ उभे होते. जे बोलणे झाले ते आरंभी नद्यांचे नव्हते आणि मनांचेही नव्हते. ते दुकानाचेच होते. व्यापारी माणसे प्रेमही बहुधा कलमाकलमाने व्यक्त करतात. धाकटे म्हणाले, ‘दादा, वेगळं व्हायचंच आहे. मला माझ्या रीतीनं करून पाहायचं आहे. तुमच्यासोबत राहून ते होणार नाही, आणि तुमची झोप मी का घालवू?’ थोरले म्हणाले, ‘हो. मलाही ते कळतं. मी तुला अडवत होतो, ते कर्जाला भिऊन. ते कर्ज माझ्या नावावर नसेल तर मी तुला अडवण्याचं कारण काय?’ वेगळे होणे टाळण्याचा कोणीही प्रयत्न केला नाही. एवढे मान्य झाल्यावर बाकीचे सोपे होत गेले. पेढीचे नाव दोघांनीही लावायचे. जुन्या दुकानाच्या पाटीवर ‘जुनी पेढी’ आणि नव्याच्या पाटीवर ‘नवी पेढी’ एवढाच फरक. सुरत-भिवंडीच्या व्यापाऱ्यांची सारी देणी वाटणीपूर्वी एकत्र फेडायची, म्हणजे नावाला बट्टा लागणार नाही. एकाने दुसऱ्याचा नोकर फोडायचा नाही. खेड्यांतील जुनी खाती थोरल्यांकडे राहतील. त्यांतून जे येईल ते आईच्या नावे जमा होईल. ‘चिखलदऱ्याच्या काकांचं खातं तुमच्याकडे,’ धाकटे म्हणाले, ‘पण त्यांना तयार कपडे लागतील ते मी पाठवीन. बिल मात्र तुमच्याकडूनच जाऊ द्या. त्यांना दोन घरांत फिरवायचं नाही.’

आईंनी कोठे राहावे, हे कलम दोघांपैकी कोणी उच्चारले नव्हते. मसुद्यात सहा-सहा महिन्यांची पाळी लिहिलेली होती. थोरले म्हणाले, ‘ते खोडून टाकू. तिला विचारू.’

प्रॉस्पेक्ट पॉइंटहून मंडळी सूर्यास्त पाहण्याच्या ठिकाणी पोचली, तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. या घरात दिवस मावळल्यावर जेवण नसते. त्यामुळे दरवेळी येथे एक पेच पडे: सूर्यास्त पाहावा की जेवून घ्यावे? वडिलांनी तो पूर्वीच सोडविला होता. कड्यापासून थोड्या अंतरावर सतरंजी पसरायची, पश्चिमेकडे तोंड करून सर्वांनी एका पंगतीत बसायचे आणि सूर्य डोंगराला टेकण्यापूर्वी पाणी पिऊन हात धुवायचे. आजही तसेच झाले. ऊन तांबूस होत गेले, दऱ्यांतले धुके खालून वर चढू लागले. दोन्ही भाऊ आईच्या दोन बाजूंना बसले होते. जेवता जेवता थोरल्यांनी तिला सहा महिन्यांच्या पाळीचे विचारले. आई म्हणाल्या, ‘मी जुन्या घरीच राहीन. तिथे तुमच्या बाबांची खुर्ची आहे. पण आजारी पडले तर धाकट्याकडे नेऊन ठेवा, त्याच्याकडे लिफ्ट आहे.’ दोघेही हसले. सुनाही हसल्या. आईंनी विनोद केला नव्हता.

घाट उतरेपर्यंत अंधार पडला. मुले झोपली होती. दोघे भाऊ पुढच्या आसनावर ड्रायव्हरशेजारी बसून हलक्या आवाजात बोलत होते: गाळ्याचे भाडे, बँकेचा व्याजदर, दिवाळीच्या मालाची मागणी. आईंच्या अटीचे उल्लंघन सर्रास चालले होते आणि त्या डोळे मिटून ते ऐकत होत्या.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चौरंगावर दोन चोपड्या होत्या. आईंनी दोन्हींवर स्वस्तिक काढले. पुढे नव्या पेढीचा धंदा कसा चालला, जुन्या पेढीचे गिऱ्हाईक टिकले की घटले, हे बाजार यथावकाश ठरवील. काही महिने ओढाताणीचे गेले आणि एकदा हुंडीच्या तारखेवरून दोघांत शब्दही झाले. परंतु खेड्यातील एकाही गिऱ्हाइकाला ‘पैसे कोणाला द्यायचे?’ असे विचारण्याची वेळ आली नाही.

आपल्या समाजात एकत्र कुटुंबाचे गोडवे गायले जातात, ते योग्यच आहे. पण मुले वाढतात, धंदे वाढतात, आणि कधी ना कधी बहुतेक घरांत वाटणीचा कागद येतो. तो आला म्हणजे घर बुडाले, असे मानल्यामुळे माणसे तो कागद अंधारात आणि रागात लिहितात. रागात लिहिलेल्या कागदात भांड्यांची संख्या अचूक असते. आई आणि जुने गिऱ्हाईक मात्र सहा महिन्यांच्या पाळीने वा निम्म्या-निम्म्या हिश्शाने मोजले जातात. सही करण्यापूर्वी एक दिवस सर्वांनी एका गाडीत बसून घराबाहेर जावे, आणि बरोबर घरातले वडीलधारे व लहान मुले दोन्ही असावीत. ठिकाण चिखलदराच हवे असे नाही. मात्र तेथे गेलेच, तर भीमकुंडाला धुके असेल तेव्हा घाई करू नये. आणि परतताना गावातल्या लहान दुकानांतून काहीतरी अवश्य घ्यावे. ती माणसे फार जुने हिशेब लक्षात ठेवून असतात.